एसीचा कपॅसिटर बदलताना

वसमत तालुक्यातल्या हट्ट्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि नेमका तेव्हाच एसी दगा देतो. बाहेरचं युनिट नुसतं घुमतं, कॉम्प्रेसर सुरू होत नाही; अशा वेळी बऱ्याचदा कपॅसिटर गेलेला असतो. उष्णतेने तो लवकर खराब होतो, त्याचं वरचं टोक फुगतं.

बदलण्याआधी एमसीबी बंद करा. तरीही कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज उरतो. तो रेझिस्टरने उतरवा. मल्टिमीटरवर शून्य व्होल्ट दिसल्याशिवाय हात लावू नका. 'सी', 'फॅन', 'हर्म' या टोकांवरच्या वायरींचा फोटो काढा. नवा कपॅसिटर तितक्याच मायक्रोफॅरडचा घ्या. व्होल्टेज तेवढंच, सहसा ४४०, किंवा जास्त असावं. इन्व्हर्टर एसी मात्र उघडू नका. मल्टिमीटर वापरता येत नसेल, तर मेकॅनिकच बोलवा. जिवापेक्षा गारवा मोठा नाही.