व्हेंटिलेटर काढणे आणि अन्नपाणी तोडणे

माजिवड्याच्या आसपास गेल्या दोन दशकांत मोठी रुग्णालये उभी राहिली, आणि अतिदक्षता विभागाच्या दाराशी थांबलेल्या कुटुंबांचा एक प्रश्न आम्हा धर्मगुरूंपर्यंत वारंवार येऊ लागला: ‘फादर, व्हेंटिलेटर काढायला संमती दिली तर पाप लागेल का?’ याला एका शब्दात उत्तर नाही. कारण ‘दयामरण’ या नावाखाली आज दोन भिन्न कृती एकत्र केल्या जातात.

पोप बारावे पायस यांनी १९५७ साली भूलतज्ज्ञांपुढे स्पष्ट केले होते, की प्राणरक्षणासाठी सामान्य उपाय योजणे हे कर्तव्य आहे, असामान्य उपायांचे बंधन नाही. दयामरणासंबंधीच्या १९८० च्या व्हॅटिकन जाहीरनाम्याने तर कुटुंबावर अतोनात खर्च लादू नये, ही रुग्णाची इच्छाही रास्त मानली. आपल्याकडे हे फारसे सांगितले जात नाही. निष्फळ ठरलेला, रुग्णाला केवळ यातना देणारा उपचार थांबवणे म्हणजे त्याला मारणे नव्हे. मरण आता आपल्या हाती नाही, हे स्वीकारणे होय. वेदनाशामक औषधेही निःशंकपणे द्यावीत.

अन्नपाण्याचे मात्र तसे नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथेच अमानुष हल्ला झाला. त्यानंतर जवळजवळ ४२ वर्षे त्या अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचे अन्न थांबवावे, या मागणीचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळला. त्यांना जगू द्यावे, हा केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आग्रह न्यायालयाने निर्णायक मानला. याच निकालाने उपचार थांबवण्यास काही अटींवर प्रथमच वाट मोकळी केली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, तरी त्यांना भरवणे, न्हाऊ घालणे, कूस बदलणे चालूच राहिले. त्या भगिनींपैकी किती जणींनी नीतिशास्त्राचा ग्रंथ उघडला असेल, कोण जाणे!

पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००४ साली हेच सांगितले: नळीतून दिलेले अन्नपाणीही तत्त्वतः उपचार नव्हे, ती शुश्रूषा आहे. शरीर ते पचवूच शकत नसेल, तर गोष्ट निराळी.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता ते दोन साक्षीदारांसह नोटरीपुढे किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे करता येते. उपचार थांबवण्यापूर्वी डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते. कॅथोलिक भाविकाने असे इच्छापत्र करण्यास हरकत नाही. मात्र त्यात अन्नपाणी तोडण्याची सरसकट सूचना नसावी, आणि निर्णयासाठी आपली श्रद्धा जाणणाऱ्या व्यक्तीचे नाव असावे. रुग्ण शुद्धीवर असतानाच धर्मगुरूंना बोलवावे; रुग्णाभ्यंगासाठी डॉक्टरांनी हात टेकण्याची वाट पाहावी लागत नाही.