कर्नाळ्याच्या पायथ्याचे मातृऋण

पनवेल तालुक्यातील कर्नाळा किल्ल्याजवळच्या शिरढोण गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला. पुढे वासुदेवराव पुण्यात इंग्रजांच्याच लष्करी हिशेब खात्यात नोकरीस लागले. आई अत्यवस्थ असताना रजा वेळेवर मंजूर झाली नाही आणि अखेरची भेट हुकली. हे शल्य त्यांना विसरता आले नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात रयतेचे हाल पाहून त्यांनी १८७९ मध्ये सशस्त्र बंड उभारले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचे निधन झाले. आईचे ऋण फेडण्याची संधी हुकलेल्या या मुलाने ते ऋण मातृभूमीच्या चरणी फेडले.