टेम्पोच्या गिअरबॉक्सचे तेल

इंजिनाचे तेल बदलावे लागते, हे टेम्पोवाल्याला ठाऊक असते. गिअरबॉक्सचे तेल निराळे असते, ते मात्र विसरले जाते. हे तेल जळत नाही. कमी झाले तर कुठेतरी गळते आहे असे समजावे. पण न गळताही ते खराब होते. आतली दातेरी चाके घासतात, त्यांचा बारीक चुरा तेलात उतरतो.

किती किलोमीटरला बदलावे, हे गाडीबरोबरच्या पुस्तकात छापलेले असते. अनेक गाड्यांना हा आकडा 40 ते 80 हजारांच्या दरम्यान असतो. रोज ओझे घेऊन घाट चढणाऱ्या गाडीने तेवढी वाट पाहू नये.

आमच्या शेजाऱ्यांनी पावसाळ्यात भरल्या ओढ्यातून टेम्पो काढला. मिस्त्रीने गिअरबॉक्सचे बूच उघडले, तेव्हा आम्ही तिथेच होतो. तेल ताकासारखे पांढरे झाले होते! आत पाणी शिरले होते. मिस्त्री म्हणाला, आजच बदला. शेजारी म्हणाले, "आधी कांदा विकून येतो, मग बघू." महिन्याभरात आतली बेअरिंगे गंजली. कांद्याचे पैसे दुरुस्तीतच गेले.

तेल काढण्याआधी गाडी थोडी फिरवून आणावी. गरम तेल घाण घेऊन उतरते. खालच्या बुचाला बहुधा लोहचुंबक असतो. त्यावर काळा मऊ गाळ दिसला तर घाबरू नये. दाताचा तुकडा सापडला, तर मात्र नवे तेल ओतून भागत नाही. गिअरबॉक्स उघडावाच लागतो.