लाकूड, यंत्र आणि अपघर्षक कागद

झाशी म्हणताच मराठी वाचकाला १८५७ आठवते. परंतु या शहराचा आणखीही एक परिचय आहे. १८८९ मध्ये इंडियन मिडलंड रेल्वेचा मार्ग येथून सुरू झाला आणि १८९५ च्या सुमारास येथे रेल्वेचा कारखाना उभा राहिला. आगगाडीच्या डब्यांच्या बांधणीत त्या काळी लाकडाचा वाटा मोठा असे. आज ते काम पोलादाने घेतले आहे. तरी दारे, खिडक्या व घरसामान बनविणाऱ्या कारखान्यांपुढे सुताराचा जुना प्रश्न कायम आहे : रंधा फिरविल्यानंतर लाकूड गुळगुळीत करावयाचे कशाने?

ज्याला आपण पॉलिशकागद म्हणतो, तो वस्तुतः असंख्य सूक्ष्म पटाशांचा समूह होय. त्यावरील प्रत्येक कण लाकडाचा बारीकसा तुकडा कापून काढतो. कणाची धार गेली की कापणे थांबते व नुसते घासणे उरते. घासण्यातून उष्णता निर्माण होते आणि लाकडावर काळे डाग पडतात. म्हणून अपघर्षकाची निवड करताना त्याचे द्रव्य, कणांचा आकार, कणांची दाटी आणि पाठीचा आधार या चार गोष्टी पाहाव्या लागतात.

प्रथम द्रव्य. काच व गारगोटी स्वस्त खऱ्या, पण त्यांची धार लवकर जाते. गार्नेटचे कण फुटून पुन्हा धारदार कडा देतात; हातकामाला ते चांगले, पण यंत्राचा वेग व दाब त्यांना फार वेळ सोसवत नाही. यंत्रासाठी सामान्यतः ॲल्युमिनियम ऑक्साइड वापरतात. हा मानवनिर्मित कुरुंदच होय; बॉक्साइट विजेच्या भट्टीत वितळवून तो तयार करतात. सिलिकॉन कार्बाइड त्याहून कठीण व तीक्ष्ण, पण ठिसूळ असते. व्हार्निशचे थर घासण्यास ते उत्तम. उघड्या लाकडावर मात्र ॲल्युमिनियम ऑक्साइड अधिक टिकते.

दुसरी गोष्ट कणांचा आकार. कागदामागे छापलेला अंक वाढतो, तसा कण लहान होतो. हा अंक मुळात चाळणीवरून आला : एक इंच लांबीत जितकी छिद्रे, तितका क्रमांक. आजच्या आंतरराष्ट्रीय मापनात पी ६० चा कण सरासरी सुमारे ०.२७ मिलिमीटर, तर पी १२० चा ०.१२५ मिलिमीटर असतो. ६० ने लाकूड सपाट करावे, मग ८० किंवा १००, त्यानंतर १२०, आणि शेवटी १५० अथवा १८० वापरावा. पायऱ्या गाळण्याचा मोह आवरावा. ६० चे ओरखडे १८० ने सहजी जात नाहीत. ते तेव्हा दिसले नाहीत, तरी रंग चढताच उठून दिसतात आणि सारे काम पुन्हा करावे लागते.

तिसरी गोष्ट दाटी. सागासारख्या तेलकट आणि चीड, देवदारासारख्या राळयुक्त लाकडाचा भुसा कणांमध्ये अडकतो. अशा लाकडासाठी कण विरळ पेरलेला कागद घ्यावा. त्यात पृष्ठभागाचा सुमारे ५० ते ७० टक्के भाग कणांनी झाकलेला असतो व भुशाला निसटण्यास जागा मिळते.

चौथी गोष्ट आधार. फिरत्या पट्ट्यावर सतत ताण येतो. म्हणून त्याला कापड किंवा जाड कागद लागतो. येथे झाशीचे हवामानही विचारात घ्यावे लागते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. कोरड्या हवेत कागद ठिसूळ होऊन वाकतो. पावसाळ्यात तोच ओलावा शोषून घेतो, आणि सरसाने चिकटविलेले कण सुटू लागतात. कृत्रिम राळेची जोडणी ओलावा व उष्णता दोन्ही अधिक सोसते. पट्टे जमिनीवर वा ओल्या भिंतीलगत ठेवू नयेत. वापरण्यापूर्वी एक-दोन दिवस टांगून ठेवावेत.

यंत्राचा वेगही ध्यानात घ्यावा. ३० सेंटिमीटर व्यासाची तबकडी मिनिटाला १४४० फेरे घेत असेल, तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे २२.६ मीटर होतो. मध्यापासून ५ सेंटिमीटरवर तोच ७.५ मीटर असतो. म्हणून कडेशी लाकूड लवकर जळते. ते एका जागी दाबून धरू नये, सतत सरकवीत राहावे. डाग दिसू लागले, तर दाब वाढविण्याऐवजी कागद बदलावा. बोथट कागद वाचविण्याच्या नादात लाकूड गमावणे ही काटकसर नव्हे.

अखेरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कागद जितका बारीक, तितकी धूळ बारीक आणि ती फुप्फुसात जाण्याचा धोका अधिक. लाकडाची धूळ माणसात कर्करोग निर्माण करू शकते, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये दिला. शिवाय हवेत दाट पसरलेली ही धूळ ठिणगीने भडकते. म्हणून यंत्राला धूळ शोषणारी नळी जोडणे व तोंडाला योग्य मुखपट्टी बांधणे हे योग्य कागद निवडण्याइतकेच आवश्यक आहे. लाकूड गुळगुळीत व्हावे, पण त्याची किंमत कारागिराच्या श्वासाने चुकती होऊ नये.