अफवेत नफा कुणाचा?

शनिवार-रविवार मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर कॅम्पिंगला जायला नको, म्हणून ऑलिव्ह ‘डेट आहे’ अशी थाप मारते. प्रत्यक्षात ती घरातच असते. एका म्युझिकल ग्रीटिंग कार्डातलं गाणं पुन्हा पुन्हा लावत आणि त्याच्याबरोबर गात. सोमवारी शाळेच्या बाथरूममध्ये मैत्रीण खोदून खोदून विचारू लागते, तेव्हा एकदाची सुटका व्हावी म्हणून ती सांगून टाकते, की हो, एका कॉलेजच्या मुलाबरोबर ‘सगळं’ झालं. हे नेमकं मारियनच्या कानावर पडतं. मारियन म्हणजे शाळेतल्या भक्तमंडळींची म्होरकी. मग काय, बघता बघता शाळाभर बोभाटा.

‘ईझी ए’ (२०१०) या अमेरिकी विनोदपटाची ही सुरुवात. पटकथा बर्ट व्ही. रॉयलची, दिग्दर्शन विल ग्लकचं, गाव कॅलिफोर्नियातलं ओहाय. सुमारे ८० लाख डॉलरमध्ये बनलेल्या या चित्रपटानं जगभरात ७ कोटी डॉलरहून जास्त गल्ला जमवला आणि ऑलिव्ह साकारणाऱ्या एमा स्टोनला गोल्डन ग्लोबचं नामांकन मिळवून दिलं. टीनएजर्सच्या चित्रपटांना कुजबुज नवी नाही. ‘मीन गर्ल्स’मध्ये (२००४) तर मुली एकमेकींची निंदा लिहायला चक्क वही ठेवतात. पण अफवा पसरवतं कोण, यापेक्षा तिच्यावर कमावतं कोण, याकडे ‘ईझी ए’ची नजर जास्त आहे.

पहिला लाभार्थी ब्रँडन. तो समलिंगी आहे आणि त्यासाठी शाळेत मारही खातो. त्याच्या विनवणीवरून ऑलिव्ह एका पार्टीत त्याच्याबरोबर बेडरूममध्ये शिरते, दार लावून घेते, आणि दोघं पलंगावर उड्या मारत आरडाओरडा करतात. दाराला कान लावलेल्या मंडळींना हवं ते ऐकायला मिळतं. दार उघडतं तेव्हा पोरं ब्रँडनची पाठ थोपटतात आणि ऑलिव्हकडे बघण्याची त्यांची नजर बदलते. थाप एकच, साक्षीदार तेच; तरी त्याची पत वाढली, तिची घसरली. चित्रपटाचं सगळं गणित या एका प्रसंगात आहे.

मग रांगच लागते. ज्यांना कुणी विचारत नाही अशी मुलं ‘आमचंही नाव तुझ्याशी जोडू का?’ म्हणून येतात आणि मोबदल्यात दुकानांची गिफ्ट कार्डं देतात. ऑलिव्ह कधी दयेपोटी, कधी गंमत म्हणून हो म्हणत जाते. शेवटी एक मुलगा तिला खरोखर जेवायला नेतो, तिथेही कार्ड पुढे करतो आणि आता खरंच काहीतरी मिळेल अशा समजुतीनं अंगचटीला येतो. तिचा नकार त्याला कळतच नाही, कारण बाजारात तिचा भाव आधीच ठरून गेलेला असतो.

वर्गात त्या वेळी नॅथॅनिएल हॉथॉर्नची ‘द स्कार्लेट लेटर’ (१८५०) शिकवली जात असते. सतराव्या शतकातल्या कर्मठ बोस्टनमधली हेस्टर विवाहबाह्य संबंधातून आई होते. व्यभिचाराची खूण म्हणून छातीवर लाल ‘ए’ हे अक्षर वागवण्याची शिक्षा तिला मिळते. मुलीचा बाप कोण, हे ती सांगत नाही, आणि तो बाप, गावाचा आदरणीय धर्मोपदेशक, वर्षानुवर्षं गप्प बसतो. ऑलिव्ह आपण होऊन कपड्यांवर लाल ‘ए’ शिवते आणि शाळेत मिरवते.

पण कादंबरीशी खरं नातं जुळतं ते शाळेच्या समुपदेशक बाईंमुळे. ज्यांच्याकडे मुलांनी मन मोकळं करायचं, त्यांचेच मारियनच्या प्रियकराशी संबंध असतात. त्याला झालेल्या गुप्तरोगाचा आळ ऑलिव्हवर येतो. बाईंचे पती म्हणजे तिचे आवडते शिक्षक. त्यांचा संसार वाचावा म्हणून ती तो आळ अंगावर घेते. पुढे सगळं असह्य होतं तेव्हा ती बाईंना खरं सांगायची विनंती करते. त्या कानांवर हात ठेवतात. तुझ्यावर विश्वास ठेवणार कोण, हा त्यांचा सवाल. ज्यांना आपलं नाव वापरू दिलं त्या मुलांकडे जावं, तर वाढलेली पत सोडायला तीही तयार नसतात. बदनामीचा सर्वांत मोठा तोटा हाच, की बदनाम माणसाचं खरंही खोटंच ठरतं.

शाळेतला टॉड नावाचा एक मुलगा तेवढा या अफवांवर विश्वास ठेवत नाही. आठवीत असताना चुंबनाच्या खेळात तो घाबरला होता आणि ऑलिव्हनं त्याची अब्रू राखायला ‘झालं’ असं खोटंच सांगितलं होतं. अशा थापा कुणासाठी मारल्या जातात, हे त्याला स्वानुभवानं ठाऊक असतं.

इतकं असूनही एका बाबतीत चित्रपट कच खातो. ऑलिव्हनं प्रत्यक्षात काहीच केलेलं नाही, ही खात्री तो प्रेक्षकाला पहिल्यापासून देतो. आपली सहानुभूती या निर्दोषपणाच्या दाखल्यावर उभी राहते. अफवा खरी असती तर? हॉथॉर्नच्या हेस्टरपाशी असा दाखला नाही. तिनं ते केलं होतं, मूल कडेवर होतं, तरीही लेखकानं तिचा मान राखला. चित्रपटाहून एकशे साठ वर्षं जुनी कादंबरी इथे त्याच्यापेक्षा धीट ठरते. शेवटी वेबकॅमसमोर सगळी हकिगत सांगून झाल्यावर, ज्याच्याशी आता तिचं जुळलं आहे त्या टॉडबरोबर पुढे काय होईल याविषयी ऑलिव्ह बजावते, की त्या गोष्टीशी तुम्हाला काही देणंघेणं नाही. हे वाक्य कुणाही मुलीला, दाखला न दाखवता, पहिल्याच दिवशी म्हणता यायला हवं.