बाजाराचा वार कोणता?

बालमित्रांनो, आईने हातात थैली दिली आणि "जा रे, बाजारातून सांभार घेऊन ये," असं म्हटलं, की महालातली मुलं निघालीच! (नागपूरबाहेरच्या दोस्तांनो, सांभार म्हणजे कोथिंबीर बरं का!) पण हा 'बाजार' शब्द स्वतः किती लांबून आला आहे, ठाऊक आहे?

हा शब्द मूळचा फारसी. दीड हजार वर्षांपूर्वी इराणात त्याला 'वाजार' म्हणत. व्यापाऱ्यांबरोबर तो गावोगाव, देशोदेशी फिरला. इंग्रजांनी त्याचा 'बझार' केला, तर डेन्मार्कच्या लोकांनी 'बसार'!

आपल्याकडे संस्कृत 'हट्ट'पासून आलेला 'हाट' होताच. मग या दोघांचं भांडण झालं का? छे! आपण दोघांची जोडी जमवली आणि 'बाजारहाट' करू लागलो.

शिवाजी महाराजांनी कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. त्यात खरेदी-विक्रीच्या शब्दांसाठी 'पण्यवर्ग' असा वेगळा भागच आहे. कारभाराची भाषा आपल्या लोकांना आपली वाटावी, म्हणून ते काम मोलाचं होतं. तरी 'बाजार' काही लोकांच्या जिभेवरून उतरला नाही. रोज वापरून वापरून तोही मराठीच झाला होता ना!

आता नागपूरचीच गंमत बघा. महालात बुधवार बाजार आहे. जवळच इतवारी. इतवार म्हणजे रविवार. हा शब्द 'आदित्यवार'पासून आला. आदित्य म्हणजे सूर्य. म्हणजे बाजाराच्या वारावरून वस्तीलाच नाव पडलं! आज मात्र इतवारीतली दुकानं रविवारची वाट पाहत नाहीत. महालाजवळच्या गांधीसागर तलावाला तर जुनी नावं दोन: शुक्रवारी तलाव आणि जुम्मा तलाव. पहिलं संस्कृत वळणाचं, दुसरं अरबी. अर्थ एकच, शुक्रवार!

असं फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. तुर्कस्तानात बाजाराला 'पाझार' म्हणतात आणि रविवारलाही 'पाझार'च! तिथे बाजाराने वाराला नाव दिलं, इथे वाराने बाजाराला.

म्हणून कुणी "हा शब्द परका, तो आपला," म्हणालं, तर त्याला विचारा, "मग थैली घेऊन जायचं कुठे?"

आणि हो, तुमच्या गावात कोणत्या वस्तीला वाराचं नाव आहे? आजी-आजोबांना विचारा. तिथे बाजार कधी भरायचा आणि काय काय मिळायचं, तेही लिहून ठेवा. ती माहिती कोणत्याच दुकानात विकत मिळत नाही!