प्रगतीची वक्ररेषा

‘काम कुठवर आले?’ असा प्रश्न गवंड्याला करा, कंत्राटदाराला करा किंवा स्वतःच्या मुलाला त्याच्या अभ्यासाविषयी करा. उत्तर बहुधा एकच मिळते, ‘होत आले!’ हे उत्तर खोटे नसते, पण त्यावर विसंबून कोणाला काही ठरवता येत नाही. किती झाले, आजपर्यंत किती व्हावयास हवे होते, आणि या गतीने ते केव्हा पुरे होईल, या तीन प्रश्नांचे उत्तर एकाच चित्रात देणारी एक रेषा अभियंते काढीत असतात. तिला प्रगतीची वक्ररेषा म्हणतात. आज ती संगणकावर निघते. तथापि, तिच्यामागचे गणित आठवीच्या विद्यार्थ्यालाही समजण्याजोगे आहे, म्हणून ते येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

कामाचे वेळापत्रक आडव्या पट्ट्यांनी दाखविण्याची रीत अमेरिकन अभियंता हेन्री गँट याच्या नावाने प्रसिद्ध आहे. त्यापुढची पायरी 1957–58 च्या सुमारास गाठली गेली. ड्यू पाँट कंपनीने आपल्या कारखान्यांच्या कामांसाठी आणि अमेरिकेच्या नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या योजनेसाठी, कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे याचे जाळे विणून त्यातून तारखा काढण्याच्या पद्धती बसविल्या. पुढे 1980 नंतरच्या दशकात प्रायमाव्हेरा, मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट यांसारख्या संगणक-प्रणाली आल्या आणि हे किचकट गणित यंत्राच्या स्वाधीन झाले.

आता एक लहानसे उदाहरण घेऊ. समजा, 1 एप्रिलला शाळेच्या एका नव्या वर्गखोलीचे काम सुरू करावयाचे आहे. प्रत्येक कामास लागणारे मजुरांचे दिवस मोजून एकंदर कामाचे 100 भाग कल्पिले, तर वाटणी अशी होईल: पाया, 2 आठवडे, 10 भाग, चिऱ्यांच्या भिंती, 4 आठवडे, 40 भाग, कौलारू छप्पर, 2 आठवडे, 24 भाग, गिलावा, 2 आठवडे, 10 भाग, रंग, 2 आठवडे, 4 भाग. ही पाच कामे एकापाठोपाठ एक अशीच होऊ शकतात. त्यांस 12 आठवडे लागतात. सहावे काम सुताराचे: दारे-खिडक्या करणे, 2 आठवडे, 12 भाग. पाया झाल्यावर मापे मिळाली की ते सुरू करता येते, आणि गिलाव्यापूर्वी ते संपले म्हणजे झाले.

प्रत्येक कामाचे भाग त्याच्या आठवड्यांत सारखे वाटून द्यावेत, प्रत्येक आठवड्याची बेरीज करावी, आणि ती मागील बेरजेत मिळवीत जावे. सुताराने तिसऱ्या आठवड्यातच काम हाती घेतले, तर आठवडावार एकूण बेरीज अशी येते: 5, 10, 26, 42, 52, 62, 74, 86, 91, 96, 98, 100. आलेखाच्या कागदावर आडवे आठवडे आणि उभे भाग घेऊन हे बिंदू जोडले, की आरंभी मंद, मध्ये वेगाने चढणारी आणि शेवटी पुन्हा मंदावणारी रेषा उमटते. इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी दिसते म्हणून तिला एस-वक्ररेषा असेही नाव आहे. हा आकार योगायोगाचा नव्हे. आरंभी थोडीच माणसे कामावर असतात; मध्ये एकाच वेळी अनेक कामे चालतात; अखेरीस बारीकसारीक, पण टाळता न येणारी कामे उरतात.

आता सुतार सवडीने, सातव्या-आठव्या आठवड्यात आला, तरीही खोली 12 आठवड्यांतच पुरी होईल. मग बेरजा 5, 10, 20, 30, 40, 50, 68, 86 अशा येतात आणि पुढे पहिल्या रेषेस मिळतात. लवकरची आणि उशिराची अशा या दोन रेषांमध्ये केळ्याच्या आकाराचा पट्टा तयार होतो. प्रत्यक्ष काम या पट्ट्यात आहे तोवर चिंता नाही, असे सामान्यतः मानतात.

संगणक याहून निराळे काही करीत नाही. त्यास कामांची यादी, प्रत्येकाचा कालावधी, परस्परांवरील अवलंबन, सुट्ट्यांचे कॅलेंडर आणि प्रत्येक कामाचे वजन पुरविले, की हजारो कामांच्या बेरजा तो क्षणात करतो. प्रायमाव्हेरात लवकरची व उशिराची अशा दोन्ही रेषा काढता येतात. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमधील आकडे एक्सेलमध्ये नेऊन तेथे आलेख काढता येतो. दोन पथ्ये मात्र माणसानेच पाळावयाची असतात. पहिले, आरंभी मंजूर झालेली योजना जशीच्या तशी जपून ठेवणे. तिला बेसलाइन म्हणतात. काम मागे पडताच योजनाच पुढे ढकलली, तर दोन्ही रेषा नेहमीच जुळतील आणि आलेख काढण्यात काही अर्थ राहणार नाही. दुसरे, झालेले काम अंदाजाने न सांगता फितीने मोजून सांगणे.

एवढे करूनही रेषा कशी फसवू शकते, ते पाहा. सहावा आठवडा संपला. सुताराने दारे-खिडक्या पुऱ्या केल्या: 12 भाग. पाया पूर्ण: 10 भाग. दहा हात उंच व्हावयाच्या भिंती सातच हात चढल्या: 28 भाग. बेरीज बरोबर 50. निम्मा वेळ गेला, निम्मे काम झाले, बिंदू पट्ट्याच्या कडेला का होईना, पण आत आहे. कार्यकारी मंडळ संतुष्ट होईल. परंतु योजनेप्रमाणे भिंती आजच पुऱ्या व्हावयास हव्या होत्या. चार आठवड्यांत 28 भाग, म्हणजे आठवड्यास 7 या गतीने उरलेल्या 12 भागांस सुमारे पावणेदोन आठवडे लागतील. जे छप्पर मे महिन्याच्या अखेरीस चढावयाचे, ते जूनच्या पहिल्या आठवड्यावर जाईल; आणि त्याच सुमारास आमच्या गोव्यात पाऊस येऊन ठेपतो. सुताराने लवकर केलेल्या कामाने गवंड्याची दिरंगाई झाकली गेली! तेव्हा रेषा पाहिल्यावर, ज्या साखळीवर शेवटची तारीख अवलंबून आहे ती कामे वेगळी तपासलीच पाहिजेत.

वजन कशाचे धरावे, हाही विचाराचा प्रश्न आहे. खर्चाचे वजन धरले, तर महागडे सामान आवारात येऊन पडताच रेषा उसळते. पण चिऱ्यांची रास म्हणजे भिंत नव्हे. म्हणून खर्च झालेला पैसा आणि झालेले काम या दोन रेषा वेगळ्या काढून शेजारी ठेवणे हेच शहाणपणाचे.

याचा मोठा दाखला आपल्या दारातच आहे. 1990 साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. सातशेहून अधिक किलोमीटरांचा मार्ग, नव्वदाहून अधिक बोगदे, असे ते प्रचंड काम. त्याचा दक्षिणेकडील पहिला तुकडा 1993 साली वाहतुकीस खुलाही झाला. परंतु पेडण्याच्या बोगद्यात पाण्याने भिजलेली भुसभुशीत माती पुन्हा पुन्हा ढासळत राहिली. किलोमीटर मोजले, तर हा बोगदा सबंध मार्गाचा अगदी लहानसा अंश. पण तो पार झाल्याखेरीज मुंबईची गाडी मडगावमार्गे मंगळूरला जाणे शक्यच नव्हते. अखेर 1998 च्या जानेवारीत सबंध मार्ग खुला झाला. बेरजेत लहान असलेले काम साखळीत केवढे मोठे असू शकते, हे त्या बोगद्याने दाखवून दिले.

विद्यार्थी मित्रहो, एखादा आलेखाचा कागद घेऊन वर्षभराच्या अभ्यासाची अशी रेषा काढून पाहा. आवडत्या विषयाचे धडे भराभर संपवून बेरीज वाढविता येईल, आणि नावडते गणित तसेच मागे राहील. तुमचा बिंदू तरीही पट्ट्यातच दिसेल. तो तसा का दिसतो, हे ज्याला उमगले, त्यास वक्ररेषा वाचता आली असे आम्ही म्हणू. यंत्र बेरीज चोख करील. पण भिंत दहा हात झाली की सात, हे मोजून खरे सांगणे माणसाकडेच राहते.